गिरदावरकाकांच्या खारी

आमच्या परसात एक साठी उलटलेले गृहस्थ रोज सकाळी जमिनीवर पालथे पडलेले असत. अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेली शेरवानी, डोक्याला रुमाल आणि हनुवटी थेट मातीला टेकलेली. खाणावळीत नव्याने जेवायला आलेला माणूस हात धुवायला मागे जाई आणि ओल्या हातांनीच धावत परत येई.

"बाई, तिकडं कुणी तरी पडलंय हो!"

"पडू द्या," मी म्हणायची. "ते खार बघतायत. आमटी वाढू?"

हे आमचे शेजारी नरहरकाका. सगळं सेलू त्यांना गिरदावरकाका म्हणे, कारण निजाम सरकारच्या नोकरीत त्यांनी तीस वर्षं गिरदावरी केली होती. गिरदावर म्हणजे पटवाऱ्यांच्या डोक्यावरचा अंमलदार. घोड्यावर बसून गावोगाव हिंडायचं, शेतांच्या हद्दी तपासायच्या, उभी पिकं पाहायची, बांधावरची भांडणं ऐकायची आणि ते सगळं उर्दूत लिहून तहसिलीला धाडायचं. महिन्यातले वीस-बावीस दिवस दौरा. पुढे वजीफा, म्हणजे पेन्शन, सुरू झाला, घोडं विकलं आणि माणूस घरी बसला. दोन-तीन वर्षं नुसतेच बसले. मग एके दिवशी त्यांना खारी दिसल्या.

आता खारी कुणाला दिसत नाहीत? त्यांच्या आणि आमच्या घराचं परस एकच होतं, मध्ये भिंत नव्हती. आमच्या बाजूला चिंचेचं मोठं झाड आणि त्यावर खारींची वस्ती. माझ्या लेखी खार म्हणजे वाळवणावर पडणारी धाड. शेवया, कुरडया, सांडगे, काही म्हणून सोडायच्या नाहीत. आमचे हे सरकी काढायच्या जिनात कामाला होते आणि मी कापसाच्या हंगामात वीस-पंचवीस माणसांची खाणावळ चालवत होते. मला खारींचं कौतुक करायला सवड नव्हती.

काकांनी मात्र भलतंच काही पाहिलं होतं. पोळ्या लाटताना ते माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी उकिडवे बसून मला सांगायचे. "बगा बाई, पोट भरलं तरी ती शेंग उचलती. खात न्हाई. तोंडात धरती, चार उड्या मारती, माती उकरती न् शेंग आत घालती. वरून दोन्ही हातांनी थोपटती. मग एक पान वढून त्याच्यावर टाकती. आता मला सांगा, पोट भरलेलं असताना ठिवती कुणासाठी? अन् ठिवली तर मागून सापडती कशी तिला?"

"वास येत असेल."

"असंल. पण मौका पाहिल्याबिगर मी काही लिहून देणार न्हाई."

मौका पाहणं म्हणजे जागेवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघणं. तीस वर्षं हेच केल्यामुळे काकांचा तो श्वास झाला होता. काकूंनी भाजीत मीठ कमी पडलं का विचारलं, तरी "मौका पाहून सांगतो" म्हणत आणि मग घास घेत.

खारींचा मौका त्यांनी साग्रसंगीत पाहिला. खुंटीवरची मोजणीची लोखंडी साखळी खाली उतरली. चिंचेच्या बुंध्याला तिचं एक टोक अडकवायचं, दुसरं टोक जिथे खारीने शेंग पुरली तिथवर न्यायचं आणि त्या जागी तुराटीची काडी रोवायची. काडीला नंबर. पंधरवड्यात माझं परस साळिंदरासारखं दिसायला लागलं. धुणं वाळत घालायला गेले की काका लांबून ओरडत, "बाई, पाय! तुमी नऊ नंबरावर उभ्या हायेत!"

पुढे त्यांना वाटलं, काडीने भागत नाही. खारीने काढलेली शेंग नेमकी कोणती हे कळलं पाहिजे. म्हणून ते बाजारातून भुईमुगाच्या शेंगा आणत, एकेका शेंगेवर तांबड्या शाईने आकडा घालत आणि चिंचेखाली मांडून ठेवत. उर्दू आकडे, अगदी कागदावर काढावेत तसे सुबक. खारी शेंगा नेत आणि काका पालथे पडून पाहत.

या तांबड्या शेंगांनी माझं एक चांगलं गिऱ्हाईक घालवलं असतं. पाथरीकडचा एक आडत्या आमच्याकडे उतरला होता. सकाळी त्याने वळकटी उलगडली, तर आत एक शेंग. तिच्यावर रक्तासारखा तांबडा डाग आणि कसली तरी अक्षरं. तो जागच्या जागी बसला. "भानामती!" म्हणाला. "बाई, कुणी तरी माझ्यावर केलंय. मी आता तुमच्या घरचं पाणीसुद्धा घेणार न्हाई." इतर जेवणाऱ्यांनीही ताटं सरकवली. एकाने जिंतूरकडच्या मांत्रिकाचं नाव काढलं. कुणी लिंबू आणायला निघाला. मी वरणाचं पातेलं हातात घेऊन उभी. तेवढ्यात काका आत आले, शेंग पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"सतरा नंबर! अहो, ही हितं सापडली व्हय? आमी हिला चार दिस धुंडायलोत! वळकटीत कोणत्या बाजूला होती? पायथ्याला का उशाला?"

आडत्याने हात जोडले. काकांनी चिंचेपासून त्याच्या वळकटीपर्यंत साखळी लावून मोजणी केली, तेव्हा कुठे तो जेवायला बसला. काका जाईपर्यंत तो भाकरी कुस्करत त्यांच्याकडेच बघत होता. मग मला हळूच म्हणाला, "त्यापरीस भानामती बरी."

आणखी एक होतं. त्यामुळे मी काकांचा हा सगळा पसारा चालवून घेत असे. माझ्या घरातून काही हरवलं की काका ते आणून देत.

खाणावळीत वस्तू इकडच्या तिकडे होतातच. पण त्या वर्षी जरा जास्तच होऊ लागल्या. कधी गुळाचा खडा, कधी मूठभर फुटाणे. कधी झाकलेल्या टोपलीतली भाकरी. मी कुरकुरले की तासा-दोन तासांनी काका दाराशी हजर. रुमालात गुंडाळलेला गुळाचा खडा माझ्यापुढे ठेवायचे. "खारीनं नेला होता, बाई. बुंध्यापासून सहा पावलांवर, उगवतीला. माती लागलेली न्हाई, तरी धुऊन घ्या."

एकदा अख्खी ज्वारीची भाकरी आणली.

"ही खारीनं नेली?"

"दोघी होत्या," काका म्हणाले. "एक फुडं, एक मागं."

मी हसले आणि भाकरी गाईला घातली. हुशार माणसाला म्हातारपणी एखादं वेड लागतं, हे आहे तसं घ्यावं, असा माझा हिशेब. आणि वस्तू परत मिळत होत्या. खारीच्या अंगात अख्खी भाकरी न्यायचं बळ येतं कुठून, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण ज्या बाईच्या चुलीपुढे पंचवीस माणसं ताट मांडून बसलेली असतात, ती असले प्रश्न उद्यावर ढकलते.

सोनाकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, दिवसातून दोनदा तरी माझ्या मागच्या ओट्यावर येऊन बसत. जेमतेम चिमणीएवढी बाई. बोलणं फार नाही. मी दिलेलं सूप मांडीवर घेऊन ज्वारी निवडत. मधूनच विचारत, "थोरली कितव्या महिन्यात हाय गं?" मी सांगायची. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मी पुन्हा सांगायची. त्यांना कमी ऐकू येत असेल असं मी धरून चालले होते.

थोरली माझी मुलगी. तिचं दुसरं बाळंतपण परभणीला तिच्या सासरीच झालं. मी डिंकाचे लाडू केले. खारीक, खोबरं, गोडंबी, तूप, काही कमी केलं नाही. खाणावळ सांभाळून दोन दिवस मर मर मेले. पितळी डब्यात भरले, झाकण घट्ट बसवलं आणि डबा शिंक्यात चढवला. तीन दिवसांनी सकाळच्या गाडीने हे परभणीला जाणार होते.

दुसऱ्या दिवशी डबा उतरवला तर हलका लागला. आत एकही लाडू नाही.

राग आला की मी विचार करत बसत नाही, कामाला लागते. तशीच परसात गेले. काका पालथे पडलेले होते.

"उठा काका. हे झाड मी पाडते आहे."

काका उठून बसले. दाढीला माती लागलेली. "का वं बाई? काय झालं?"

"गूळ नेला, भाकरी नेली, मी काही बोलले नाही. पण बाळंतिणीचे लाडू नेले तुमच्या खारींनी. डबाभर. आता खारीही नकोत आणि झाडही नको."

काकांचा चेहरा पडला. एरवी ते लगेच म्हणाले असते, किती पावलांवर, कोणत्या दिशेला. या वेळी नुसते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मग चिंचेकडे बोट केलं. "वर पिलं हायेत, बाई. डोळे उघडले न्हाईत अजून."

"माझ्या लेकीच्या पिलाचेही उघडले नाहीत," मी म्हटलं. म्हटल्यावर वाईट वाटलं, पण मागे घेतलं नाही. "तुम्हाला सगळं सापडतं ना? मग हेही शोधा. परवा सकाळी गफूरमियाँला बोलावते. तोवर लाडू आणून द्या, झाड ठेवते. नाही तर नाही."

"परवा?"

"परवा. गाडी परवाची आहे."

पुढचे दोन दिवस काका खारींकडे फिरकले नाहीत. शोधायचे ते स्वतःच्याच घरात. मी विहिरीवर जाता-येता पाहत होते. त्यांनी गोधड्या बाहेर काढून झटकल्या. कणगी आडवी केली. चुलीमागे हात घालून कोपरापर्यंत काळे झाले. एकदा तर भिंतीला नाक लावून कोपऱ्या-कोपऱ्याने वास घेत चालले होते. माझी नजर पडली तशी म्हणाले, "छपरातून येती ना ती. आत ठिवले असतील."

काकू दारात बसून सूप पाखडत होत्या. सुपात काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी गफूरमियाँ कुऱ्हाड, करवत आणि दोर घेऊन आला. झाडाभोवती फिरून आला आणि चुकचुकला. "पुराना झाड है बाई. सोच लेव. गिरा दिया तो फिर खडा करने का मेरेकू नै आता."

"दोर बांध," मी म्हटलं.

त्याने वर चढून फांदीला दोर बांधला. खारी वरच्या वर धावू लागल्या. सगळं झाड चिरकायला लागलं. तेव्हा काका घरातून बाहेर आले, अनवाणी. शेरवानीची बटणंसुद्धा लावलेली नव्हती. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं. बुंध्यावर हात ठेवून उभे राहिले आणि मला म्हणाले, "बाई, हितं नको. आत चला."

मी आत गेले. स्वयंपाकघराच्या दाराशी, रोजच्या जागेवर, ते बसले नाहीत. उभेच राहिले.

"झाड नका पाडू. खारीनं न्हाई नेले."

"मग कुणी नेले?"

ते म्हणाले, "गूळबी तिनं नेला न्हाई. भाकरी न्हाई, फुटाणे न्हाई. एक बी चीज न्हाई." आणि मान वळवून त्यांनी आपल्या दाराकडे पाहिलं. काकू तिथे बसल्या होत्या.

माझ्या हातातली पळी मी खाली ठेवली.

"दोन सालं झाली," काका म्हणाले. "आधी घरातलं ठिवायची. मग तुमच्याकडचं आणायली. नेती, ठिवती, न् इसरून जाती. इचारलं तर रडती. म्हणती मी कशाला नेऊ. खोटं न्हाई बोलत, बाई, तिला खरंच ठावं न्हाई. मग मी हुडकायचो न् तुमाला आणून द्यायचो. नाव खारीचं घ्यायचो. खार काय अब्रूदावा लावती व्हय?" हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. "या टायमाला न्हाई सापडलं मला. समदं घर पालथं घातलं."

मी विचारलं, "मग हे खारींचं खूळ? साखळी, शेंगा, नंबर?"

"ते हिच्यापायीच," काका म्हणाले. "खार बी तेच करती ना. ठिवती न् निघून जाती. अन् तरी तिला सापडतं. म्हणलं कसं सापडतं ते एकदा कळलं, तर हिला शिकवीन."

बाहेर गफूरमियाँ दोर ओढून बघत होता. मला काही तरी बोलायला हवं होतं, पण असल्या वेळी मला बोलता येत नाही. करता येतं.

माझी स्वतःची एक सवय आहे. जेवणाऱ्यांच्या नजरेपासून मी तुपाची बरणी लपवते आणि कामाच्या धबडग्यात कुठे ठेवली ते विसरते. तेव्हा मी आठवत बसत नाही. दुसरी रिकामी बरणी हातात घेते आणि ही आता ठेवायची झाली तर कुठे ठेवीन, असं म्हणून चालायला लागते. पाय बरोबर पहिलीपाशी नेतात. इतकी साधी गोष्ट. मी एका फडक्यात मूठभर शेंगदाणे आणि गूळ बांधला आणि काकूंकडे गेले. काका मागून आले.

"काकू," मी खालच्या आवाजात म्हटलं, "एवढं ठेवायचं होतं. खाणावळीत कुणी शिल्लक ठेवत नाही बघा. कुठं ठेवू?"

काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पुरचुंडीकडे. मग उजवीकडे, डावीकडे. "आण हिकडं," म्हणाल्या आणि टुणकन उठल्या. ना कणगीकडे गेल्या, ना चुलीकडे. सरळ न्हाणीत गेल्या. तिथे कोपऱ्यात एक मोठं तांब्याचं घंगाळ पालथं घातलेलं होतं. काका विहिरीवर अंघोळ करत, त्यामुळे ते कुणी वापरत नव्हतं. काकूंनी दोन्ही हातांनी ते कलतं केलं.

खाली एका स्वच्छ धोतराच्या तुकड्यावर माझे लाडू होते. एकावर एक, देवापुढे रचावेत तसे. शेजारी शिकेकाईची पिशवी. कोपऱ्या-कोपऱ्याचा वास घेणाऱ्या काकांना एवढ्या लाडवांचा वास का आला नाही, ते कळलं.

"हितं बरं पडतं," काकू मला समजावून सांगत होत्या. "ते दौऱ्यावरून येतात ना, कवा येतील नेम नस्तो. आले की आधी पाय धुतात. तवाच भुकेनं कासावीस झालेले असतात बग. हातापाशी पाहिजे."

मी विचारलं, "गेले त्याला किती दिवस झाले, काकू?"

"लय दिस झाले गं. येतील आता." मग त्या माझ्या कानाशी आल्या आणि आवाज खाली आणला. "घरात एक म्हातारं हाय. सभाव वाईट न्हाई त्याचा. पण मेलं दिसभर हुडकतंय. काय म्हणून ठिवू देत न्हाई. त्याच्यापासून झाकून ठिवावं लागतं."

काका न्हाणीच्या उंबऱ्याशीच उभे होते. त्यांच्या आणि आमच्यामध्ये दोन हातांचंही अंतर नव्हतं. मी मान वर केली नाही. त्यांच्या अनवाणी पायांकडे बघत राहिले. थोड्या वेळाने ते पाय वळले आणि मागच्या दाराने बाहेर गेले. मला वाटलं, चिंचेखाली जाऊन बसले असतील. बसू द्यावं.

तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली. मोठ्याने, सरकारी माणसाने वाजवावी तशी. आणि मी इतक्या वर्षांत कधी न ऐकलेला एक खणखणीत आवाज आला. "अगं ए! घरात हाय का कुणी? आलो गं मी. पाणी आण पायावर!"

काकूंनी पदर खोचला. घंगाळाशेजारचा तांब्या उचलून त्या मला ओलांडून अशा निघाल्या, की मला बाजूला व्हावं लागलं. काका आत आले. शेरवानीची सगळी बटणं लावलेली, डोक्याला रुमाल. न्हाणीच्या दगडावर पाय पुढे केला. काकूंनी पाणी घातलं, वाकून घोट्यापाशी माती चोळून काढली आणि मग घंगाळाखालून एक लाडू काढून त्यांच्या हातावर ठेवला.

"लय दिस लावले," त्या म्हणाल्या. रागावल्या होत्या.

"व्हय," काका म्हणाले. "पूर्णेला पाणी होतं. उतार मिळंना."

"खावा आधी."

डिंकाचा लाडू चांगलाच कडक असतो आणि काकांना वरचे दात नव्हते. ते उभ्याउभ्या चघळत राहिले. काकू समोर बसून पाहत होत्या. पहिला संपायच्या आत त्यांनी दुसरा पुढे केला.

मी मागच्या दाराने बाहेर आले. लाडू तिथेच राहू दिले. घरात डिंक अजून होता, तूप होतं आणि गाडी चुकली तर उद्या दुसरी होती. गफूरमियाँ दोराचं टोक मनगटाला गुंडाळून उभा होता.

"क्या हुआ बाई? कब का खडा हूँ. काटूं क्या नक्को?"

"नको," मी म्हटलं. "दोर सोड. काका आलेत दौऱ्यावरून."